हौदाचं झाकण उघडून बघा

चिपळूणहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते: "मिस्टर लोट्याच्या एमआयडीसीत होते, आता बदली सोलापूरला, चिंचोळी एमआयडीसीत. जूनच्या आत सगळं हलवायचंय. घरात आम्ही दोघं, मुलगी चौथीची परीक्षा देतेय, मुलगा साडेचार वर्षांचा, आणि सासूबाई, त्यांना शुगर आहे, गुडघेही दुखतात. भाड्याचं बजेट 12 हजार. मिस्टर म्हणतात बाळेला घर घेऊ, कंपनी जवळ पडेल. नणंदेची मैत्रीण म्हणते जुळे सोलापूरशिवाय दुसरीकडे बघूच नका. एजंट रोज एका नवीन फ्लॅटचा व्हिडिओ पाठवतोय, मॉड्युलर किचन आहे, दोन दिवसात टोकन टाका नाहीतर जाईल म्हणतोय. सासूबाईंचं वेगळंच, तिकडे सगळे तेलुगू-कानडी बोलतात, मला करमायचं नाही म्हणतात. मी अजून सोलापूर पाहिलेलं नाही. कोणता एरिया घेऊ?"

ताई, सगळ्यात आधी, टोकन टाकू नका. व्हिडिओवर घर घेऊ नका. फ्लॅट गेला तर जाऊ दे, सोलापुरात भाड्याची घरं संपलेली नाहीत, आणि एजंटच्या दोन दिवसांसाठी तुम्ही अकरा महिने अडकू नका.

आता एरिया. तुम्ही एरियाचं नाव विचारलंत, पण मी तुम्हाला आधी पाण्याचं विचारायला लावणार आहे, कारण तुम्ही चिपळूणच्या. तुमच्याकडे विहिरी, वाशिष्ठी, चार महिने धो धो पाऊस, पाणी घरात शिरेल याची भीती. आमच्याकडे उलटं. सोलापूरचं पिण्याचं पाणी उजनी धरणातून येतं, शंभरहून जास्त किलोमीटर पाइपातून, आणि हे शहर वर्षानुवर्षं तीन दिवसाआड, चार दिवसाआड, कधी पाच दिवसाआड पाणी भरत जगलंय. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती, म्हणजे वापरायचा साठा संपून तळाचा मृतसाठा उपसावा लागत होता. आता समांतर जलवाहिनी झाली, रोज पाणी येणार वगैरे तुम्ही ऐकाल, येवो, आम्हाला हवंच आहे, पण धरणातलं पाणी टाकीपर्यंत येणं वेगळं आणि तुमच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला येणं वेगळं. एकाच नगरात पुढच्या लाईनला भरपूर प्रेशर आणि मागच्या लाईनला करंगळीएवढी धार, असं मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून जुळे सोलापूर चांगलं का बाळे चांगलं, याला तसं एक उत्तर नाही हो. घर चांगलं की नाही हे आधी त्याच्या हौदावर ठरतं.

गेल्या महिन्यात भाचीसाठी घर बघायला गेले होते. हॉल झकास रंगवलेला, पीओपी, लाईटी, भाची तर खुशच झाली. घरमालक म्हणाले पाणी भरपूर, पाच हजार लिटरचा हौद आहे. मी म्हटलं झाकण उघडून दाखवता का. त्यांना जरा विचित्र वाटलं पण उघडलं. आत मोबाईलचा टॉर्च मारला तर भिंतीवर पाण्याची हिरवट रेघ दिसली, तळापासून जेमतेम दीड वीत वर. त्याच्या वरचं सिमेंट कोरडं, पांढरं, जाळी लागलेली. म्हणजे हौद पाच हजारांचा असेल खरा, पण तो भरत कधीच नव्हता, पाण्याच्या पाळीला जेवढं येतं ते तेवढ्याच रेघेपर्यंत. ती रेघ खोटं बोलत नाही. आम्ही चहा घेऊन परत आलो.

तुम्ही पण हेच करा. पाच माणसं आहात, काटकसरीने वापरलं तरी माणशी 80 ते 100 लिटर लागतंच, म्हणजे दिवसाला 400-500, आणि पाच दिवसाआड पाणी आलं तर दोन-अडीच हजार लिटर साठवायची सोय तुमच्या एकट्यांच्या वाट्याला पाहिजे. वर एक हजार लिटरची सिंटेक्स टाकी बसवली की झालं असं कोणी म्हणालं तर नाही होत. बोअर आहे का, असेल तर मे महिन्यात चालू असतो का, हे घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा. पाण्याची पाळी किती वाजता असते तेही तिलाच विचारा, कारण काही भागात रात्री दोनला पाणी सोडतात, तेव्हा उठून मोटर चालू करावी लागते, आणि ते उठणं तुमच्याच वाट्याला येणार हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि मोटरचं बटण कोणाकडे आहे ते बघा. हे मी जीव तोडून सांगतेय कारण आम्ही ते भोगलंय. मुलं लहान असताना हद्दवाढ भागात एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर राहायचो, घरमालक वर. (हद्दवाढ हा शब्द तुम्हाला इथे रोज ऐकू येईल, 1992 ला शहराची हद्द वाढवून आजूबाजूची गावं आणि मोकळे प्लॉट आत घेतले, तो सगळा भाग.) हौद एकच, पोर्चखाली, आणि मोटरचं बटण त्यांच्या जिन्यात. पाणी आलं की आधी त्यांची टाकी भरायची, मग गाडी धुवायची, मग झाडं, आणि मग आमच्या टाकीचा नंबर, तोपर्यंत हौद तळाला. भाडं आम्ही एक तारखेला देत होतो, एकदाही उशीर नाही. एकदा चौथ्या दिवशी टाकी पूर्ण कोरडी झाली आणि धाकट्याला ताप, उलट्या, दोन चादरी भरलेल्या, रात्रीचे साडेनऊ वाजलेले. मी कळशी घेऊन अंगणात उभी होते, कोणाचं दार वाजवावं कळत नव्हतं. पलीकडच्या कंपाउंडमधून अक्कांनी बघितलं. त्या तेलुगू, साठीच्या, मराठी मोडकं तोडकं. काही विचारलं नाही त्यांनी, आत गेल्या आणि नळाची निळी पाइप भिंतीवरून माझ्या अंगणात टाकली, म्हणाल्या, "धर गं, भरून घे, सगळं भरून घे." बादल्या, पातेली, कळशा, शेवटी पोरांचा अंघोळीचा टबसुद्धा भरला मी. त्या भिंतीजवळ पाइप धरून उभ्या, मी भरत होते आणि रडत पण होते.

सासूबाईंना ही गोष्ट जरूर वाचून दाखवा. त्यांची भीती खोटी नाही, साठ-पासष्ट वर्षं एका गावात काढलेल्या माणसाला भाषा बदलली की जीव घाबरतोच. पण सोलापूर म्हणजे तसं नाही, इथे मराठी तर आहेच, कानडी आहे, तेलुगू आहे, उर्दू आहे, आणि एकेका माणसाला तीन-तीन भाषा येतात, भाजीवाली तुमच्याशी मराठीत बोलते, शेजारणीशी कानडीत आणि पोराला तेलुगूत ओरडते. पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, नीलम नगर या बाजूला तेलुगू जास्त, यंत्रमागाची आणि विड्यांची वस्ती ती, सोलापुरी चादर तिथलीच. नवरात्रात तिथल्या बायका बतुकम्मा करतात, फुलांची उतरंड रचून भोवती फेर धरतात, सासूबाईंना भोंडल्याची आठवण येईल बघा. भाषेमुळे कोणी एकटं पडत नाही इथे. एकटं पडतं ते घर चुकल्यामुळे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली उतरलं तरी समोर रिकामे प्लॉट आणि बाभळी, दिवसभर एक माणूस दिसत नाही, असं.

मिस्टरांचं म्हणणं मला समजतं, कंपनी पुणे हायवेवर, मोहोळकडे, आणि बाळे त्याच तोंडावर. पण विचार करा ताई, प्रवास एकाचा आहे, दिवसातून दोनदा, आणि बाकी चौघांचा अख्खा दिवस घराच्या आसपास जाणार आहे. शाळा, किराणा, सासूबाईंच्या गोळ्या, साखर तपासणं, गुडघ्याचा डॉक्टर, सगळं तुम्ही एकट्या करणार. तुमच्याकडे गाडी आहे का, तुम्ही चालवता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण चालवत नसाल तर हा मुद्दा दुप्पट मोठा होतो, कारण इथली सिटी बस भरवशाची नाही, लोक रिक्षावर आणि दुचाकीवर चालतात. मिस्टरांना एक काम सांगा, कंपनीची बस असेल तर ती शहरात कुठून कुठून माणसं घेते ते विचारून या. तो कागद हातात आला की निम्मा प्रश्न सुटेल, कारण मग कंपनी जवळ पाहिजे असं राहतच नाही, बसचा थांबा जवळ पाहिजे एवढंच राहतं.

तुमच्या जागी मी असते तर आधी जुना पुणे नाक्याच्या बाजूला बघितलं असतं. मुरारजी पेठ, निराळे वस्ती, अवंती नगर, वसंत विहार. मिस्टरांना हायवेला लागायला सोपं, एसटी स्टँड जवळ, नवी पेठ जवळ, आणि सासूबाईंना रेल्वे लाईन्स, सात रस्ता इकडच्या दवाखान्यांत न्यायला रिक्षाने थोडा वेळ पुरतो. शुगरच्या माणसाला रात्री अकराला चक्कर आली तर मॉड्युलर किचन कामाला येत नाही, दवाखाना किती लांब हे कामाला येतं. या बाजूला बरीच बांधकामं जुनी आहेत, फ्लॅट दिसायला साधे, फरशी जुनी, पार्किंगची बोंब, ते खरं. 12 हजारात नवं कोरं मिळणार नाही कदाचित. पण जुन्या वस्तीत दाराबाहेर पडलं की माणूस दिसतं, सासूबाईंना ओट्यावर बसायला कोणीतरी मिळतं, कोपऱ्यावर मेडिकल असतं.

जुळे सोलापूर वाईट नाही, नणंदेची मैत्रीण उगाच म्हणत नाही. मोकळं आहे, शाळा आहेत, बागा आहेत, नोकरदार वस्ती, तुमच्यासारखी बदलीची कुटुंबं भरपूर, मुलांना मित्र पटकन मिळतात. पण ते शहराच्या दक्षिणेला आणि कंपनी पलीकडच्या टोकाला, मिस्टरांना शहरातून तरी जावं लागणार नाहीतर विजापूर रोडवरून बायपासने वळसा घालून केगावला, म्हणजे पुणे हायवेला, निघावं लागणार. शिवाय जुळे सोलापूर म्हणून एजंट काय काय दाखवतात ते बघा, पार पुढचे प्लॉटिंगसुद्धा जुळे सोलापूर म्हणूनच सांगतात. आतले रस्ते काळ्या मातीचे असतील तर पावसाळ्यात चप्पल रुतते, स्कूटी घसरते, रिक्षावाला आत यायला नाही म्हणतो. ड्रेनेज लाईन आहे की शोषखड्डा हेही विचारा, हद्दवाढीत अजून सगळीकडे लाईन नाही. आणि होटगी रोडकडे रोज जाणं-येणं असेल तर आसऱ्याच्या रेल्वे पुलावर संध्याकाळी सहाला एकदा उभं राहून गर्दी बघा.

बाळेचं सांगते. खंडोबाचं देऊळ, चंपाषष्ठीची मोठी यात्रा, माणसं चांगली, भाडं थोडं कमी. पण हायवे लागून आहे आणि सोलापुरात जड वाहतूक हा फार जुना आणि फार दुखरा प्रश्न आहे, किती घरांनी त्यात माणसं घालवलीत. मुलांना शाळेला जाताना हायवे ओलांडावा लागणार असेल तर ते घर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. हायवेच्या अलीकडेच शाळा, दुकान सगळं मिळत असेल तर मग जरूर बघा.

घर बघायला एप्रिल-मेमध्येच या, आणि दुपारी चारला बघा, सकाळी नाही. सोलापूरचा पारा मेमध्ये 43-44 ला सहज जातो. कोकणातला उकाडा तुम्हाला माहितीये, घामाचा. हा वेगळा आहे, कोरडा, भाजणारा. सगळ्यात वरच्या मजल्याचं घर असेल तर खुर्चीवर उभं राहून स्लॅबला हात लावा, तळवा चटकन मागे घ्यावासा वाटला तर रात्री दोनपर्यंत ते घर थंड होणार नाही, कूलर लावला तरी, आणि कूलरला परत पाणी लागतंच की! पश्चिमेच्या भिंतीला लागून सासूबाईंची खोली येत असेल तर तीही बदला. तळमजला किंवा पहिला मजला, वर कोणाचं तरी घर असलेला, मला तोच बरा वाटतो, गुडघ्यांसाठी पण आणि उन्हासाठी पण. संडास कमोडचा आहे का हेही बघून घ्या, जुन्या घरांत बऱ्याचदा नसतो.

पेठांमध्ये घर आवडलं तर एवढं विचारून घ्या की मिरवणुकीचा रस्ता कुठला. आमच्याकडे वर्षभर जयंत्या आणि मिरवणुका असतात, डीजेच्या भिंतीने खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोरांना त्रास होतो, यावर शहरात लोकांनी आवाज पण उठवलाय. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा त्यात धरू नका, जानेवारीत संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा रस्त्यावर घर असणं हे भाग्य समजतात इथे.

मुलीच्या शाळेचं मला तेवढं टेन्शन वाटत नाही. ती पाचवीत जाणार, आणि बऱ्याच प्रशाला पाचवीपासूनच सुरू होतात, तिथे नवीन तुकड्या भरतात, म्हणजे ही वेळ त्यातल्या त्यात बरी आहे. सेमी इंग्रजी हवं असेल तर आधी विचारा. चिपळूणच्या शाळेतून दाखला आणि निकालपत्रक निघतानाच घ्या, नंतर कुरियरच्या मागे लागू नका. आधी दोन-तीन शाळा नक्की करा आणि मग त्यांच्या आसपास घर शोधा, उलटं केलंत तर रिक्षावाल्या मामांना महिन्याला पैसे मोजत बसाल. धाकटा पुढच्या वर्षी पहिलीला. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांत तुम्ही बसत असाल तर घर आणि शाळेचं अंतर त्यात मोजलं जातं, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी, आणि पत्त्यासाठी भाडेकरार नोंदणी केलेलाच लागतो, अर्जाच्या आधीचा.

त्यावरून करारावर येते. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू, कशाला खर्च, असं घरमालक म्हणतील. ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. आता ते ऑनलाईन होतं, घरी येऊन अंगठे घेतात. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे तुमच्या 12 हजाराला अकरा महिन्यांचे साधारण 330 रुपये, डिपॉझिटमुळे किंचित वाढेल, नोंदणी फी महापालिका हद्दीत 1000. एवढ्यासाठी मागे हटू नका. गॅस, बँक, आधारचा पत्ता, शाळा, सगळीकडे तो कागद चालतो. डिपॉझिट किती, घर सोडल्यावर किती दिवसात परत, रंगाचे पैसे कापणार का, हे त्यातच लिहून घ्या. आणि पाण्याचं पण लिहून घ्या, हे फार लोक करत नाहीत पण तुम्ही करा, की हौदाच्या पाण्यावर आणि मोटरवर भाडेकरूचा सारखा हक्क राहील, टँकर मागवला तर खर्च कसा वाटायचा. मी त्या वेळी लिहून घेतलं असतं तर ती रात्र आली नसती. लाईटचा मीटर तुमच्या घराचा वेगळा हवा. वरचं-खालचं एकाच मीटरवर असेल तर युनिट एकत्र होऊन जास्त युनिटच्या टप्प्याचा महाग दर लागतो आणि मग दर महिन्याला भांडण.

एक गोष्ट लिहायला बरं वाटत नाही पण अंधारात ठेवणार नाही. काही ठिकाणी घर दाखवायच्या आधी "तुम्ही कोण?" असं विचारतील, आडनावावरून पुढे जातील, मासे-मटण करता का विचारतील. तुम्ही कोकणातल्या, मासे करणारच. लपवून घर घेऊ नका, पहिल्याच भेटीत सांगा, ज्याला चालतं त्याच्याकडेच राहा, नाहीतर स्वतःच्या घरात खिडक्या लावून स्वयंपाक करावा लागतो. समुद्राचे मासे इथे ताजे मिळणार नाहीत, उजनीचे, नदीचे मिळतात, सासूबाईंना चव वेगळी लागेल.

माझं ऐकाल तर असं करा. परीक्षा संपली की दोघं आणि सासूबाई, तिघंही या, मुलांना दोन दिवस आजोळी ठेवा. सासूबाईंना नक्की आणा, दिवसभर घरात त्याच राहणार आहेत, त्यांना जिना चढून बघू दे. दोन दिवसात पाच-सहा घरांपेक्षा जास्त बघू नका, डोकं चालत नाही मग. जे आवडेल तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एजंटशिवाय परत जा. त्या वेळी गल्लीत कळतं, घंटागाडी येते का, शाळेच्या रिक्षा थांबतात का, बायका पाण्यावरून भांडतात की गप्पा मारतात. कोपऱ्यावर चावीवाला दिसला, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, तर त्याला विचारा की या लाईनला प्रेशर कसं असतं, त्याच्याएवढं खरं कोणी सांगणार नाही. एखाद्या घरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे आली तर नको म्हणू नका.

घर ठरलं की सामानाचा ट्रक पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी पोचेल असा सांगा. पहिल्याच दिवशी टाकी कोरडी आणि भांडी खोक्यात, असं होऊ देऊ नका. आणि दोन मोठी झाकणाची पिंपं चिपळूणहूनच आणा, ट्रकमध्ये रिकामी आणू नका, त्यात भांडी भरा.